ऐकले म्हणजे कळले का?



संवादकौशल्य म्हटले की आपल्या मुलांना वक्तृत्वस्पर्धा आठवते. म्हणून यंदा युवक मंडळाच्या सोळा मुलामुलींना आम्ही विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रकांकडे नेले. (परवानगीचे अर्ज करता करता पावसाळा संपला, ते असो.)

तिथे गडबड, आरडाओरडा असेल असे मुलांना वाटले होते. प्रत्यक्षात खोली शांत. नियंत्रक मोजके बोलतात आणि बोलून झाले की ऐकतात. उंची, धावपट्टी यांविषयीची सूचना वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची असते. ती नियंत्रकाने ऐकायची, चुकली तर तिथेच दुरुस्त करायची. ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचे बोलणे पोहोचले’ एवढेच. ‘तसे करतो’ यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे.

एका मुलीने विचारले, “वैमानिकाने चुकीचं परत म्हटलं आणि तुमच्या लक्षात आलं नाही, तर चूक कोणाची?”

“त्याची, आणि माझीही,” नियंत्रक म्हणाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना भाषा आणि अर्थ यांवर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. हे ‘माझीही’ त्यात कुठे नव्हते. बोलणाऱ्याची जबाबदारी बोलून संपते, अशीच आपली समजूत असते.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर धडकली. ५८३ माणसे गेली. केएलएमच्या सहवैमानिकाने ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’ अशा अर्थाचे काही सांगितले. नियंत्रकाला वाटले, विमान उभे आहे. तो ‘ओके’ म्हणाला. विमान तर धावू लागले होते. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने ती विचारलीही. पण ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे उडवून लावली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीसाठी राखून ठेवला गेला. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे.

आणखी एक. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले, ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचे त्यांनी रेडिओवर सांगितले होते, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती. प्रसंग किती बाका आहे, हे नियंत्रकांना उमगलेच नाही.

हे ऐकताना मला माझेच एक वाक्य आठवत होते. पूर्वीच्या एका धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेनंतर एक गृहस्थ म्हणाले, “फादर, आईला जरा बरं नाही. सवडीने येऊन जा.” मी म्हणालो, “हो, हो, येतो.” त्यांनी समजून घेतले, संध्याकाळी येतील. माझ्या मनात शुक्रवार होता, आजाऱ्यांना कम्युनियन न्यायचा. बुधवारी चर्चची घंटा वाजली. तैलाभ्यंग राहून गेले.

“मी सांगितलं होतं, फादर,” एवढेच ते म्हणाले. ‘सवडीने’ हा शब्द त्यांचाच होता, म्हणून मी बरेच दिवस स्वतःला सोडवून घेतले. पण आपली माणसे फादरला ‘लगेच या’ म्हणायला संकोचतात, हे मला ठाऊक होते. ज्याच्यापुढे लोक दबून बोलतात त्याने दुप्पट ऐकायला हवे, खोदून विचारायला हवे. ‘किती बरं नाही?’ एवढाच प्रश्न होता. मी तो विचारला नाही. आईबाप, शिक्षक आणि आम्ही धर्मगुरू, सगळेच त्या कॅप्टनच्या खुर्चीत बसतो.

परतताना मुलांना सांगितले, आठवडाभर घरी हे करून पाहा: समोरच्याचे बोलणे आधी परत म्हणा, मग उत्तर द्या. एकाने वडिलांचे वाक्य परत म्हणून दाखवले, तर “उलट बोलतोस?” म्हणून बोलणी खाल्ली. त्या घरी मी येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जाणार आहे. दिवस आणि वेळ त्यांच्याकडून परत म्हणवून घेतली आहे.