टीना कुठं गेली?

भावानं रिमोटचं बटण दाबलं आणि टीना मेलीच नाही.

रविवारची दुपार होती. मी दोन दिवसांसाठी धाराशिवला त्याच्याकडं आले होते. ‘माझ्या लहानपणचा सगळ्यात भारी पिक्चर तुला दाखवतो,’ असं त्यानं आठ वर्षांच्या लेकीला आठवडाभर आधी कबूल केलं होतं. म्हणून टीव्हीवर ‘मिस्टर इंडिया’ लागला होता. अरुणच्या घरातली अनाथ लेकरं, कॅलेंडर नावाचा स्वयंपाकी, हातातलं घड्याळ दाबलं की दिसेनासा होणारा नायक. भाची मांडी घालून टीव्हीच्या पुढ्यातच बसलेली. मोगँबो आला की उशी तोंडावर घ्यायची आणि कडेनं बघायची.

मग खेळण्यात लपवलेल्या बॉम्बचा प्रसंग जवळ आला. लेकरांमधली सगळ्यात चिमुकली टीना त्यात जाते. भावाचा अंगठा हलला, चित्र पुढं पळालं. थोड्या वेळानं भाचीनं मागं वळून विचारलं, “टीना कुठं गेली?”

“मामाच्या गावाला,” भाऊ म्हणाला.

मी एकदम त्याच्याकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही.

रात्री पोरगी झोपल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. आई शेजारी बाजेवर पडली होती. तिचा डोळा लागलाय असं आम्हाला वाटत होतं.

“तू तिला फसवलंस,” मी म्हणाले.

“फसवलं कुठं? थोडं पुढं ढकललं. आठ वर्षांची आहे ती. मोठी झाली की बघेल.”

“तू पण आठ वर्षांचाच होतास.”

“म्हणूनच ढकललं.”

“मग हुकूम सुटला की मोगँबोची माणसं ॲसिडच्या हौदात उड्या टाकतात, ते का नाही ढकललंस? ती तर हसली तिथं.”

“ती माणसं खोटी आहेत, ताई. टीना खरी आहे.”

“एकाच पिक्चरमधली?”

“जिचं नाव तोंडपाठ होतं ती खरी. त्या हौदातल्या माणसांची नावं कुणाला माहीत आहेत?”

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी विषय थोडा वळवला. “बरं, तुला कसा वाटला या खेपेला?”

तो हसला. “खरं सांगू? मोगँबोची भीती वाटली नाही. घरभाड्याची वाटली. खिशात दमडी नाही, घरात एवढी लेकरं, दारात मालक. लहानपणी मी हे सीन कधी संपतात अन् तो कधी गायब होतो याची वाट बघायचो. आता तिथंच पोटात गोळा आला. अन् तो वाणी आहे ना, धान्यात खडे मिसळणारा? त्याला बघून तर मान खाली गेली. मी खडे मिसळत नाही. पण बी-खताच्या उधारीसाठी माणूस दुकानात उभा राहिला की मी त्याच्याकडं न बघता वहीकडं बघतो. तोच वाणी, तीच मान.”

“म्हणजे पिक्चर तोच, तूच पलीकडच्या बाजूला गेलास.”

“आणि पलीकडून बघितलं की पिक्चर लंगडा दिसतो. एका माणसाला घड्याळ मिळणार अन् तो देश वाचवणार. आपण काय करायचं? टाळ्या वाजवायच्या. आपल्या पिढीला वाट बघायला शिकवलं या पिक्चरनी.”

“वाट बघायला नाही शिकवलं. माणूस दिसेनासा झाला तरी चांगला राहू शकतो, असं सांगितलं. ते जास्त अवघड आहे.”

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागातली गायजीसची गोष्ट दर वर्षी सांगते. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो दिसेनासा होतो. लगेच तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ग्लॉकन सॉक्रेटिसाला विचारतो, पकडलं जायची भीती नसेल तर सरळ वागेल असा माणूस आहे तरी का? शेखर कपूरच्या 1987च्या चित्रपटात सलीम-जावेद जोडीनं याच प्रश्नाला भाबडं, पण ठाम उत्तर दिलं, आहे म्हणून. उधारीत बुडालेल्या माणसाच्या हाती तीच ताकद येते आणि तो बँक लुटत नाही.

हे सगळं भावाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अंगठी सापडली कुठं त्याला?”

“मोठा पाऊस झाला, भूकंप झाला, जमीन दुभंगली. त्या भेगेत तो उतरला तर...”

मी थांबले. इतकी वर्षं हे वाक्य वर्गात वाचतेय, पण या गच्चीवर, या माणसासमोर ते कधी उच्चारलं नव्हतं.

“थांबलीस का?” तो म्हणाला. “जमीन दुभंगली की कुणाला काय सापडतं, हे आपल्याकडच्या माणसाला शिकवायची गरज नाही.”

आमचं मूळ गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, सास्तूरच्या बाजूला. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. 1993च्या गणपतीत मंडळानं व्हिडिओ आणला होता. भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर, जनरेटर आणि एका रात्रीत तीन पिक्चर. त्यातला एक ‘मिस्टर इंडिया’. त्यात लाल उजेडात तो अदृश्य माणूस दिसतो, म्हणून पोरांनी मंडपातल्या ट्यूबलाइटला गुंडाळलेला लाल जिलेटीन कागद फाडून घेतला होता. ज्याच्या त्याच्या डोळ्याला लाल तुकडा. विसर्जन झालं. दमूनभागून गाव झोपलं आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर तुळयांवर टाकलेलं मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं माणसांवर आली. लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं घर अर्धं उभं राहिलं. शेजारच्या गावात काकांचं राहिलं नाही. त्यांची धाकटी सहा वर्षांची होती.

“आता एक करू नकोस,” भाऊ म्हणाला. “ढिगारे उपसायला आले ते जवान हेच खरे मिस्टर इंडिया, असलं भाषण देऊ नकोस. दर 30 सप्टेंबरला ऐकतो मी.”

“नाही देत. मला एवढंच विचारायचंय, ‘मामाच्या गावाला’ हेच शब्द तुझ्या तोंडात आले कुठून?”

तो बराच वेळ गप्प राहिला. “बाबांनी सांगितलं होतं मला. ती मामाच्या गावाला गेली म्हणून.”

“आणि तू लाल कागद घेऊन काकांच्या ढिगाऱ्यावर गेला होतास.”

त्यानं चमकून बघितलं. “तुला कुणी सांगितलं?”

“मी मागं आले होते. तू एक डोळा मिटून कागदातून बघत होतास. दगडाजवळ जायचास, थांबायचास, पुढच्या दगडाजवळ जायचास. मी बारा वर्षांची होते. मला सगळं माहीत होतं.”

“चार दिवस गेलो होतो,” तो हळूच म्हणाला. “ती गेलेली नाही, दिसेनाशी झालीय, असं वाटायचं. मामाच्या गावाला गेली असती तर काकू एवढ्या का रडल्या असत्या?”

“म्हणजे तुला खोटं कळलं होतं.”

“खोटं कळलं होतं. खरं काय ते कळलं नव्हतं. मधल्या जागेत शोधत बसलो.”

“आणि तेच तू आज तिला दिलंस.”

“थांब. तुझी बाजू सोपी आहे, माझी ऐक. ते चार दिवस मी रडलो नाही. सगळं गाव रडत असताना माझ्याकडं एक काम होतं. बाबांनी खरं सांगितलं असतं, तर त्या पहाटेनंतर आठ वर्षांच्या पोरानं धरायचं काय? खोट्यानी मला चार दिवस उभं ठेवलं. हे मी नाकारू शकत नाही.”

“आणि पाचव्या दिवशी?”

“पाचव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये एका पोरानं सांगितलं. खेळता खेळता. ‘ती तर मेली ना?’ म्हणाला.” त्यानं हातातल्या पाण्याच्या तांब्याकडं बघितलं. “त्यानंतर बाबांनी काहीही सांगितलं, यंदा पाऊस बरा आहे, तुझी तब्येत ठीक आहे, तरी मी मनात लाल कागद धरूनच ऐकायचो. शेवटपर्यंत.”

“म्हणजे हिशेब कसा लावायचा? चार दिवसांचा आधार आणि जन्मभराचा संशय?”

“तोच हिशेब मला आजवर लागला नाही. म्हणून तर बटण दाबलं. विचार करून नाही दाबलं, ताई. अंगठा माझा होता, पण दाबला बाबांनी.”

मी प्लेटोकडं वळले. मास्तरकीची सवय. “गंमत अशी, की त्याच दुसऱ्या भागात पुढं प्लेटो म्हणतो, लेकरांना सांगायच्या गोष्टी आधी तपासा, नको त्या गाळा. दाया आणि आयांनी निवडक गोष्टीच सांगाव्यात.”

“म्हणजे तुझा प्लेटो रिमोट घेऊनच बसलाय की.”

“आहे खरा. पण आपण ‘श्यामची आई’ कुठं पुढं ढकलली? शाळेशाळेत दाखवतो. त्यात तर आईच जाते.”

“कारण ती मोठ्या माणसाची गोष्ट आहे. आई जाते, श्याम राहतो. इथं लेकरूच जातं. बघणाऱ्या लेकरानं कुणाच्या जागी बसायचं?”

हा मुद्दा मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. आम्ही दोघंही गप्प बसलो.

बाजेवरून आईचा आवाज आला. “तुळजापूरला देवी झोपलीय सध्या.”

घटस्थापनेआधी तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. मंचकी निद्रा. आम्हाला वाटलं, आई झोपेतच बोलतेय.

“लहानपणी तुम्हाला घेऊन जायचे,” ती म्हणाली. “सिंहासन रिकामं बघून तू विचारायचास, देवी कुठं गेली? कुणी म्हणालं का, मामाच्या गावाला गेली? झोपली म्हणून सांगायचो. आता काही मागू नको, झोपलीय. महिषासुर मारणारी देवी झोपते, हे तुला चाललं होतं की.”

“पण ती उठते, आई,” भाऊ म्हणाला. “टीना उठत नाही.”

“ते खरं,” आई म्हणाली आणि कूस बदलली. तिच्याकडंही पुढचं उत्तर नव्हतं. पण तिनं माझ्या हातात एक टोक दिलं होतं.

“ऐक,” मी म्हणाले. “पिक्चरच्या शेवटी मोगँबोशी लढताना अरुण दिसत असतो की नसतो?”

त्यानं विचार केला. “दिसतो. घड्याळ हरवलेलं असतं त्याचं.”

“लेकरांच्या जिवावर बेतलं, तेव्हा तो पुढं होऊन सांगतो, मीच मिस्टर इंडिया. आणि ते सिद्ध करायला हातात काही नसतं. आपण लहानपणी हे बघितलंच नाही. आपल्याला घड्याळच दिसत होतं. टीना जाते तेव्हा घड्याळ असून उपयोग होत नाही, आणि शेवटी घड्याळ नसताना तो उभा राहतो. पिक्चर लंगडा नाही. आपण अर्धाच धरून ठेवला होता.”

“बरं. मग?”

“बाबांनी खोटं सांगितलं म्हणून ती लपली नाही. तू तिला शोधतच होतास. त्या चार दिवसांत तुला दिसेनासे झाले ते बाबा. ढिगाऱ्यावर तू एकटा होतास. ते शेजारी बसून म्हणाले असते, ‘ती गेली, मला पण काही सुचत नाही,’ तरी तू रडलाच असतास. पण कुणाच्या तरी मांडीवर.”

“तू होतीस की मागं,” तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

“होते. भिंतीच्या आड. पुढं आले नाही.” इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले. “तू शोधत होतास तोवर मलाही वाटायचं, कदाचित सापडेल. तुला सांगितलं असतं तर माझंही संपलं असतं. बटण मीही दाबलंच होतं.”

“मग मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही. सोबत बसलेय.”

सकाळी उठले तेव्हा टीव्ही चालू होता. आवाज बंद. भाची दात घासता घासता उभी, भाऊ सोफ्याखाली जमिनीवर बसलेला. त्यानं चित्र मागं नेऊन बरोबर त्या जागी थांबवलं होतं.

“इथं मी पुढं ढकललं होतं काल,” तो म्हणाला.

“माहितीये,” तोंडात फेस घेऊन ती म्हणाली. “खालचा आकडा पळाला होता.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं की. टीना कुठं गेली म्हणून.” ती बेसिनकडं गेली, चूळ भरून आली आणि त्याच्या शेजारी टेकली. “तुम्ही मामाच्या गावाला म्हणालात. मला वाटलं, पप्पा, तुम्हाला रडू येतं तिथं.”

भावानं रिमोट तिच्या हातात दिला.