दूर ठेवणे आणि दूर लोटणे

खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले, की आम्ही त्याला वेगळ्या टाकीत हलवतो. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीवर तांब्याची मात्रा चालते. पण तेच तांबे प्रवाळांना व कोळंबीला मारक ठरते. म्हणून विलगीकरण अटळ आहे. परंतु ते कोणासाठी? निरोग्यांसाठी की रोग्यासाठी? व्हेनिसने १४२३ साली प्लेगच्या रुग्णांसाठी बेटावर रुग्णालय उभारले, तेव्हा माणसांपुढेही हाच प्रश्न होता. रित्या टाकीत लपायला नळीचा तुकडा ठेवणे, तांब्याचे व अमोनियाचे प्रमाण नित्य तपासणे, ही शुश्रूषा होय. समुद्रातून त्याला आणवले आम्हीच. आता त्याला कोपऱ्यात ठेवून आम्ही विसरलो, तर औषधाच्या निमित्ताने आम्ही त्याला केवळ नजरेआड केले, असेच म्हणावे लागेल.