वाटून घेतलेला दोष

दोष पुष्कळांमध्ये वाटला गेला म्हणजे तो प्रत्येकाच्या वाट्यास कमी येतो काय, हा नीतिविचारातील जुनाच प्रश्न आहे. आम्हा सरकारी लेखनिकांस तो नित्य परिचयाचा. एका फायलीवर दहा सह्या झाल्या की निर्णय सर्वांचा होतो आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचेच राहत नाही. आधुनिक विज्ञानाने या प्रश्नास एक अनपेक्षित दृष्टांत पुरविला आहे. त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

चांदी आपल्याकडे शुद्ध मानली जाते. तान्ह्या मुलाचे उष्टावण चांदीच्या वाटीने करतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घेतला, तर त्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर तो ६०० चौरस मीटर होतो. वजन तेच, पण पाण्याशी भिडणारे अंग दशलक्ष पटींनी वाढलेले. त्यातून चांदीचे विद्युद्भारित अणू पाण्यात सुटतात. गोड्या पाण्यातील माशास रक्तातील क्षार टिकविण्यासाठी कल्ल्यांवाटे सतत सोडियम ओढून घ्यावे लागते. चांदी नेमकी तीच क्रिया रोखते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी २०१४ व २०१५ साली एका प्रायोगिक सरोवरात असे कण मुद्दाम सोडले. तेथील पर्च माशांच्या शरीरात चांदी साठली आणि त्यांची संख्या घटली.

हे कण जखमेवरील पट्टीतून येतात, तसेच घामाचा वास येऊ नये म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांतूनही येतात. आम्ही राहतो त्या गुरुग्रामचे पाणी बादशाहपूरच्या नाल्याने नजफगडच्या नाल्यास आणि तेथून वझीराबादजवळ यमुनेस मिळते. यमुनेची आजची दैना चांदीमुळे झाली, असे म्हणणे असत्य ठरेल. मैला आणि कारखाने त्यास पुरेसे आहेत. शुद्धीकरण केंद्रात पुष्कळशी चांदी गंधकाशी संयोग पावून बरीच निरुपद्रवी होते, हेही खरे. परंतु ‘माझ्या एकट्याच्या मोज्यांनी काय होणार?’ हा युक्तिवाद त्यामुळे निर्दोष ठरत नाही. यमुनेत मैला सोडणाऱ्या प्रत्येकाने हाच युक्तिवाद केलेला आहे.

धातू विभागला की त्याचा उपद्रव वाढतो; उत्तरदायित्व विभागले की त्याची शक्ती नष्ट होते. ही दोन्ही एकत्र आली म्हणजे अपाय घडतो आणि अपराधी सापडत नाही.

आमच्या मते दोषाचे माप वाट्यावरून न ठरविता गरजेवरून ठरवावे. भाजलेल्या रोग्याच्या जखमेसाठी चांदी वापरणारा वैद्य आणि मोजे न धुता आणखी एक दिवस घालता यावेत म्हणून ती विकत घेणारा गृहस्थ, या दोघांकडून नदीत जाणारी चांदी कदाचित सारखीच असेल. पण विचारले असता पहिल्यापाशी सांगण्याजोगे कारण आहे; दुसऱ्यापाशी नाही. ज्यास कारण सांगता येत नाही, त्याने आपला वाटा लहान आहे एवढ्यावर सुटका मानू नये. फायलीवरील आपली सही दहावी असली, तरी कागद मात्र ती पहिलीच असल्याप्रमाणे वाचावा, एवढे तरी आम्हा नोकरदारांच्या हाती आहे.