परत येणारं गिऱ्हाईक

नंदुरबारला समुद्र नाही, पण समुद्राला मिळणारी नदी आहे. सारंगखेडा, प्रकाशा करत तापी उकाईच्या जलाशयात शिरते आणि सुरत ओलांडून डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ अशी गुजरातीत म्हण आहे. प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणतात. म्हणजे म्हणीतल्या दोन्ही गोष्टींची सोय आमच्या एकाच नदीने करून ठेवली आहे. मरणाची घाई कुणालाच नसते, म्हणून नंदुरबार-नवापूरची माणसं आधी सुरत गाठतात. कापड खरेदीला, दवाखान्याला, नातेवाइकांकडे, आणि वेळ उरला तर डुमसचा दर्या बघायला.

परगावी उतरलं की दुपारी एकच्या सुमाराला सगळ्यांना सारखाच प्रश्न पडतो: जेवायचं कुठं? चांगलं हवं आणि खिशाला झेपणारंही हवं. सुरत असो, मालवण असो की गोवा, समुद्राकाठच्या गावात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं: पाण्यापासून चार गल्ल्या आत जा. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच खरा आहे. त्यामागचं कारण नीट लक्षात आलं, तर उरलेला अर्धा भागही कळतो.

खाणावळ चांगली राहते ती मालकाच्या सज्जनपणावर नव्हे, तर गिऱ्हाईक पुन्हा येईल या अपेक्षेवर. पर्यटक एकदाच येतो. त्याला जेवण आवडलं काय, न आवडलं काय, उद्या त्याच्या जागी दुसरा पर्यटक येणारच असतो. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या मेंबरचं तसं नसतं. वरण दोन दिवस पाणचट झालं की तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या मेसमध्ये बसतो, आणि जाताना खोलीवरच्या आणखी तिघांना घेऊन जातो. मालकाला भीती असते ती या माणसाची. आपण पाहुण्यांनी जेवायला बसायचं ते त्याच्या शेजारी. त्याचा धाक आपल्याही ताटाला उपयोगी पडतो.

सुरतेत हे फार स्वच्छ दिसतं. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खान्देशी वस्ती दाट आहे. लूमवर आणि कापडाच्या मार्केटात राबायला आलेली माणसं तिथे दोन-दोन पिढ्या राहतात. त्यांना शेवभाजीचा रस्सा कसा लागतो हे शिकवावं लागत नाही. तिथे भाकरी कडक आली तर थाळी परत जाते आणि वर दोन शब्दही ऐकवले जातात. सकाळी लोचोच्या गाडीपाशी उभं राहून बघा. वाफेवरच्या ताटातून डाळीचा मऊ लगदा उलथन्याने खरवडून काढतात, वजन करून कागदी डिशमध्ये घालतात, वर तेल किंवा बटर, मसाला, शेव, कांदा, हिरवी चटणी. रांगेतल्या बहुतेकांना काही सांगावंही लागत नाही. कुणाला बटर हवं आणि कुणाला तेल, हे गाडीवाल्याला पाठ असतं. पाट्या वाचण्यापेक्षा ही ओळख बघावी. तीच त्या गाडीची खरी जाहिरात.

मग किनाऱ्यावरचे हॉटेलवाले लुटारू का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. गोव्यातले शॅक सरकारी परवान्यावर हंगामापुरते उभे राहतात आणि पावसाळ्याआधी उतरवावे लागतात. म्हणजे काही महिन्यांच्या धंद्यात वर्षाचा खर्च काढायचा, परवान्याची फी भरायची, बाहेरून आणलेल्या पोरांचे पगार द्यायचे. तिथल्या बिलात माशाबरोबर सूर्यास्ताचंही भाडं असतं. ते द्यायला हरकत नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते ठाऊक असावं. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कुणी ‘आत्ताच आलेली सुरमई’ म्हणून ताट पुढे केलं, तर ती बर्फातून आत्ताच आली असेल, असं समजून चालावं.

आता सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग. डुमसची टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत, आणि ती मिळतात समुद्रापाशीच. चार गल्ल्या आत जाण्याचा नियम तिथे लागू पडत नाही. कारण सरळ आहे: डुमसला भजी खायला सुरतचाच माणूस जातो, रविवारी बायकापोरांसह जातो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ शकतो. गिरगाव चौपाटीच्या भेळेचंही तेच. म्हणजे पाण्यापासूनचं अंतर महत्त्वाचं नाही. गावातला माणूस तिथे खातो का, एवढंच बघायचं.

आमच्याकडची उदाहरणंही हेच सांगतात. धडगावच्या आठवडे बाजारात भजी तळणाऱ्याचं गिऱ्हाईक पाड्यांवरून दर आठवड्याला उतरतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात माणसं लांबून येतात, पण व्यापारी दत्तजयंतीला वर्षानुवर्षं तेच असतात. वर्षातून एकदाच येणारा माणूसही परतच येतो, आणि त्याला मागच्या वर्षीचा रस्सा आठवत असतो.

हल्ली या आठवणीचं काम मोबाइलवरच्या चांदण्यांवर सोपवलेलं आहे. त्यांचा उपयोग होतो, पण चांदण्या देणारे बहुतेक आपल्यासारखेच एकदा येऊन गेलेले असतात. एसी, फोटो, खिडकीतलं दृश्य यांचे गुण जेवणाच्या गुणांत मिसळतात. हमाल जिथे जेवतो तिथे चांदण्या द्यायला कुणाला सवड नसते. रिक्षावाल्याला ‘तुम्ही कुठे जेवता?’ विचारावं, हाही आवडता उपाय. त्याचं उत्तर बऱ्याचदा ‘घरचा डबा’ असं येतं. त्यापेक्षा रस्त्यावरून दीड वाजता चालत जावं आणि कामाच्या कपड्यांतली माणसं कुठे वळतात ते बघावं.

अर्थात स्वस्ताईचेही दोन प्रकार आहेत. एका ठिकाणी भाडं कमी, थाट नाही, पदार्थ चारच आणि संपले की शटर खाली, म्हणून दर कमी असतो. दुसऱ्या ठिकाणी तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असतं, आणि ताटं घासणारं पोर शाळेत असायला हवं होतं. तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा अन्नसुरक्षा नियमांनी घातलेली आहे. ती आपल्याला मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळणारं, डोळ्यांना झोंबणारं तेल ओळखायला यंत्र लागत नाही. पहिली स्वस्ताई मालकाच्या हिशेबातून येते, दुसरी दुसऱ्याच्या अंगावर ढकललेली असते. ‘कमीत कमी पैशात’ असा हट्ट धरणारा पाहुणा नकळत दुसरीच मागत असतो.

आपण त्या गावात परत येणार नाही, हे खरं. पण ज्यांच्या जिवावर आपल्याला चांगलं ताट मिळालं, त्यांना उद्या तिथेच जेवायचं असतं. गर्दीच्या वेळी जेवून झाल्यावर टेबल अडवून बसू नये, घासाघीस करू नये, त्या साध्या खाणावळीचा ‘अनुभव’ करून तिचे दर पाहुण्यांपुरते वाढतील असं काही करू नये. पाहुण्यांची गर्दी मेंबरला उठवायला लागली, की मालकाला त्याची भीती उरत नाही. मग ती खाणावळ चार गल्ल्या आत असली, तरी किनाऱ्यावरच आहे असं समजावं.