चारातली एक

घाई नको. चार-चार टीबीच्या चार नव्या डिस्क सर्व्हरमध्ये बसल्या आहेत. कंट्रोलरची सेटिंगची स्क्रीन समोर उघडी आहे आणि अ‍ॅरे कसा बांधायचा ते तुम्ही सांगायचं आहे. खोली कर्जतमधल्या एखाद्या पतसंस्थेची, कॅश काउंटरच्या मागची, असं धरून चला. बाहेर जुलैचा पाऊस. हात कीबोर्डवरून काढा, खुर्चीत सैल बसा.

या चारातली एक जाणार आहे. आज नाही जाणार, कदाचित पाच वर्षंही नाही, पण जाणार. कोणती, ते कुणालाच ठाऊक नाही. एवढंच थोडा वेळ मनात धरा. पुढे जे काही ठरवायचं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, आणि ते आज ठरवायचं आहे, अजून काहीच बिघडलेलं नसताना.

अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या रीतीला रेड म्हणतात, आणि तिच्या प्रकारांना आकडे असतात. रेड शून्यावर रेंगाळू नका. सोळा टीबी मिळतात, वेग मिळतो, आणि कुठलीही एक डिस्क गेली की सगळं जातं. लोकांच्या ठेवी जिथे आहेत तिथे त्याचं नावही काढू नये.

रेड पाचपाशी मात्र थांबा. कागद घ्या. त्यावर १, ०, १ असे तीन आकडे लिहा. चौथ्या घरात एवढंच नोंदवायचं: एकाचा आकडा सम वेळा आला असेल तर ०, विषम वेळा आला असेल तर १. इथे तो दोनदा आला, म्हणून ०. आता मधला आकडा बोटाने झाका. दोन एक दिसताहेत, चौथं घर म्हणतंय की एक सम आहेत. मग बोटाखाली शून्यच असणार. बोट पहिल्या आकड्यावर न्या. आता एकच एक दिसतो, सम व्हायला आणखी एक हवा. सापडला. पॅरिटी म्हणतात ती हीच. कंट्रोलर ती एका डिस्कवर साठवत नाही, चारही डिस्कवर आळीपाळीने फिरवतो. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या निबंधात ही रचना आहे. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक घ्या, त्या बिघडणारच हे गृहीत धरा, असा त्यांचा रोख होता.

आता दोन बोटं ठेवून बघा. उत्तर येत नाही.

पाचात जागा मिळते बारा टीबी. एक डिस्क गेली, नवी बसवली, की गेलेलं पुन्हा उभारायला, म्हणजे रिबिल्डसाठी, कंट्रोलर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. म्हणजे बारा टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक आकडा असतो: न वाचता येणारी चूक दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक. त्याचे टीबी केले तर साडेबारा होतात. बारा आणि साडेबारा. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि जरा गप्प बसा. चूक होईलच असं नाही. पण ती न होण्यावर कुणाची तरी आयुष्याची पुंजी टांगायची का, हा प्रश्न आहे.

रेड सहा आणि रेड दहा, दोन्ही आठच टीबी देतात. दहा डिस्कच्या जोड्या लावतो आणि जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच लिहितो. तो वेगवान आहे, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं. सहामध्ये पॅरिटी दुहेरी असते, म्हणून कोणत्याही दोन गेल्या तरी चालतं. मी सहा घेईन. पतसंस्थेत वेगाची घाई मार्चअखेर सोडली तर असते कुणाला?

सेटिंगमधला पुढचा पर्याय: राइट-बॅक. नोंद आधी कंट्रोलरच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे कॅशेत जाते, डिस्कवर मागाहून उतरते. काउंटरवर पावती फाडून दिली आहे, नोंद अजून वाटेत आहे, आणि लाइट गेले. कर्जतजवळच्या खोपोलीचं वीजघर १९१५ पासूनचं, भिवपुरीचं १९२२ पासूनचं. घाटमाथ्याचं पाणी इथे उतरवून मुंबईला वीज दिली, तरी पावसात अंधार कर्जतलाही चुकत नाही. असो. कंट्रोलरवरची बॅटरी कॅशेतलं जपून ठेवते म्हणूनच राइट-बॅक ठेवता येतं. बॅटरी नसतानाही ते चालू ठेवण्याची एक सोय सेटिंगमध्ये असते. तिथे हात जाऊ देऊ नका.

आता खिडकीतून घाटाकडे बघा. खोपोलीला जाणारा रेल्वेचा फाटा एकेरी आहे; लोणावळ्याला चढायला अप, डाऊन आणि मिडल अशा तीन लाइनी. तीन आहेत म्हणून निर्धास्त वाटतं. पण तिन्ही एकाच डोंगरावरून जातात. २०१९ च्या पावसात मंकी हिल ते नागनाथ या टप्प्यात मार्ग खचला आणि कितीतरी गाड्या महिनोन्‌महिने रद्द झाल्या किंवा वळवाव्या लागल्या. तशाच तुमच्या चारही डिस्क एकाच पेटीत आहेत. पाणी शिरलं किंवा वीज कोसळली, तर चारही एकदम जाऊ शकतात; कुणी चुकून खातं पुसलं, तर पॅरिटी ते पुसणंही इमानाने जपते. म्हणून दुसरी प्रत हवीच. खोपोलीला ठेवाल? कर्जत उल्हासच्या काठी, खोपोली पाताळगंगेच्या. नदी बदलली, ढग तोच. प्रत घाटापलीकडे पुण्यात ठेवा, आणि महिन्यातून एकदा तिच्यातलं एखादं लेजर उघडून बघा.

आता कीबोर्ड जवळ ओढा. रेड सहा निवडा, लॉजिकल ड्राइव्हला नाव द्या. मग उठून प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर स्लॉटचा नंबर आणि सीरियल नंबर लिहिलेली पट्टी चिकटवा. पुढे कधी तरी एका डिस्कचा नारिंगी दिवा लुकलुकेल, तेव्हा इथे तुम्ही नसाल. जो कुणी असेल त्याने धडधाकट डिस्क ओढून काढता कामा नये.