सदतीस

मामा नांदेडहून लातूरला आले की संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसतात. खाली ट्यूशनची पोरं सायकलींवरून जात असतात. त्या दिवशी चहा निवून गेला तरी मामांनी कप उचलला नाही.

"माय, मी खोटं लिहायला पाहिजे होतं का?"

निवृत्तीआधी ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळावर होते. कंधारकडचा एक बाप पोराला घेऊन आला होता. मामांनी कोनमापकानं गुडघा मोजला, स्नायूंची ताकद शून्य ते पाचात नोंदली, सूत्र मांडलं. आले 37 टक्के.

"चाळीस असते तर एसटीचं पाऊण भाडं माफ, संजय गांधी निराधारचे पैसे, पुढं नोकरीत आरक्षण. बाप म्हणाला, 'साहेब, लेकराचं नशीब तीन टक्क्यानं अडकायलंय.' मी सदतीसच लिहिलं. दया येऊन वाढवले असते, तर पैसे घेऊन वाढवणाऱ्याच्या आणि माझ्या सहीत फरक काय राहिला असता?"

"लिहिलं ते बरोबरच होतं," मी म्हणाले. "पण मोजलं काय?"

"गुडघा."

मी स्वतः लहानपणापासून कॅलिपर घालते. गुडघ्याशी माझं भांडण जुनं आहे. "2016 चा कायदा अपंगत्व एकट्या गुडघ्यात शोधत नाही, मामा. शरीरातली दीर्घकाळची उणीव आणि भोवतीचे अडथळे एकमेकांना भिडतात, आणि माणसाला चारचौघांत बरोबरीनं वावरता येत नाही, तिथं तो अपंगत्व मानतो."

"आणि तोच कायदा चाळीसची अटही घालतो. अडथळा मोजायचं यंत्र मला कुणी दिलं होतं?"

मी त्यांना किल्लारीकडच्या एका बाईंची गोष्ट सांगितली. त्यांचा पाय भूकंपाच्या आधीपासूनच अधू. जुन्या गावात घराला घर लागून. भिंतीला हात टेकत त्या गिरणीपर्यंत जायच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ते गाव पडलं. नवं गाव वसलं ते ऐसपैस, रुंद रस्त्यांचं, घरं लांब लांब. धरायला भिंत नाही. पाय तोच होता, पण दळण दुसऱ्याच्या हाती गेलं.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तिला किती लिहू? गाव बदललं की आकडा बदलायचा? उद्या पुण्याला लेकाच्या लिफ्टच्या घरी गेली, तर प्रमाणपत्र काढून घ्यायचं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. माणसानं हक्क मागताना दरवेळी आपल्या घराच्या पायऱ्या मोजून दाखवायच्या, हेही मला सोसणार नाही. पण आकडा किती आंधळा होऊ शकतो ते या ट्यूशनच्या शहरात वेगळं सांगायला नको. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमात वाचा आणि भाषेचं अपंगत्व चाळीसच्या खाली असेल तर आरक्षण नव्हतं, आणि चाळीस किंवा वर असेल तर प्रवेशच नव्हता. महाराष्ट्रातल्याच एका मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 15 ऑक्टोबर 2024 ला सांगितलं, नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाद करू नका. हा विद्यार्थी शिकू शकेल की नाही, हे मंडळानं कारणांसह लिहावं.

"म्हणजे आकड्याखाली दोन ओळी," मामा म्हणाले. "लिहिल्या असत्या मी. पण कंडक्टर ओळी वाचत नाही, माय. तो आकडा बघतो."

"खरंय. पण 2016 च्याच कायद्यात कलम 59 आहे. निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं. त्या बापाला सांगितलं होतं?"

मामांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला.

"बाहेर रांग होती," ते म्हणाले. "मी सही केली आणि पुढच्याला आत बोलावलं."