म्हाताऱ्या पौलाचा झगा

फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रात संत पौल आपली ओळख करून देतो ती म्हातारा, आणि त्यात आता कैदी, अशी. तिमथ्याला लिहिताना तर तो त्रोवसला राहिलेला झगा मागवतो. हिवाळ्याच्या आत ये, म्हणून विनवतो. पवित्र शास्त्रात एका थकलेल्या कैद्याची ही थंडी नोंदलेली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

फादर स्टॅन स्वामींनी तळोजा कारागृहातून मागितलं ते याहून लहान होतं: पाणी प्यायला नळी आणि सिपर. येशूसंघाच्या या धर्मगुरूंना 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीत अटक झाली तेव्हा ते 83 वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला ठरत नसे. नोव्हेंबरात त्यांनी अर्ज केला. त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेला 20 दिवस मिळाले. पुढच्या मे महिन्यात त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं, की तुरुंगात आलो तेव्हा माझं मी चालत होतो, जेवत होतो, अंघोळ करत होतो. आता ते राहिलं नाही, मला माझ्या माणसांत जाऊ द्या. 28 मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितलं. 5 जुलै 2021 ला त्यांच्या जामिनावर सुनावणी होती. त्याच दिवशी ते गेले.

ते कच्चे कैदी होते, म्हणून प्रश्न जामिनाचा होता. शिक्षा लागलेल्यांसाठी पॅरोल असतो, फर्लो असते. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो: याला आत ठेवून आपण काय साधतो? कॅथोलिक धर्मशिक्षणानुसार शिक्षेने अपराधाने बिघडलेली घडी बसवावी, समाजाचं रक्षण करावं आणि जमेल तितकं अपराध्यालाही सुधारावं. ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यापासून कुणाचं रक्षण करायचं? अपराधात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख खरं आहे, सुटकेआधी त्यांचं ऐकूनच घ्यायला हवं. पण बराकीत कुणी औषधावाचून कण्हत पडल्याने ते दुःख हलकं होत नाही, असं मी मनापासून मानतो.

आपल्या शहरात हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह आहे. तिथल्या कैद्यांचे पॅरोलचे अर्ज अडले की इथल्या खंडपीठापर्यंत येतात. बाहेर यायचं तर जामीनदार हवा, राहण्याचा पत्ता हवा, पोलिसांचा अहवाल हवा. घरच्यांनी पाठ फिरवलेल्या सत्तरीच्या माणसाने हे कुठून आणायचं? नाताळात आत जाऊन गीतं गावीत, केक वाटावा, ते चांगलंच आहे. मात्र मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशू आजारी आणि बंदिवान यांची नावं एका दमात घेतो, आणि हर्सूलसारख्या तुरुंगात ती दोन्ही एकाच माणसाची असू शकतात. पोप फ्रान्सिस यांनी 26 डिसेंबर 2024 रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात जुबिलीचं पवित्र द्वार उघडलं. त्या जुबिली वर्षासाठी सरकारांकडे त्यांनी शिक्षामाफीची मागणीही केली होती. सरकार काय करील ते करो. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आपल्याकडे कारागृह सेवा रविवार पाळतात. त्या दिवशी मिस्सानंतर दानाबरोबर नावंही मागावीत: जामीनदार कोण राहील, आणि कुणाच्या घरी एक खाट रिकामी आहे.